ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये सीबीसीचा रिपोर्ट कसा वाचावा: एनएलआर, पीएलआर आणि त्यांचा खरा अर्थ

ओव्हरीचा, म्हणजे अंडाशयाचा कॅन्सर असं निदान झालं की घरात एक फाइल तयार होते. सोनोग्राफी, सीटी, सीए-१२५ (या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारा खुणेचा पदार्थ), बायॉप्सी, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी एक सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. त्या फाइलमधला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा येणारा कागद हाच. मोबाइलवर शोधलं की कळतं, याच कागदावरच्या पेशींच्या आकड्यांवरून रुग्ण किती जगेल याचा अंदाज बांधतात. मग लॅबच्या काउंटरवर मुलगी किंवा सून हळू आवाजात विचारते, "सर, आईंचा एनएलआर साडेचार आलाय. म्हणजे काय समजायचं?"

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. एनएलआर, पीएलआर म्हणजे सीबीसीतल्या दोन प्रकारच्या पेशींच्या संख्यांची गुणोत्तरं, हिशोब पुढे येईल. या प्रश्नाला काउंटरवर उभ्या-उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख. माझं मत आधीच सांगतो. हे आकडे शेकडो रुग्णांच्या गटाबद्दल काहीतरी खरं सांगतात, तुमच्या आईबद्दल फार थोडं. पण त्याच कागदावर या आठवड्यात उपयोगी पडेल अशी माहिती असते, आणि एनएलआरच्या धास्तीत ती नजरेतून सुटते. दोन्ही गोष्टी क्रमाने बघू.

पायरी १: योग्य तारखेचा रिपोर्ट निवडा

फाइलमध्ये दहा सीबीसी असतील, तर त्यातला एकच या कामाचा आहे: उपचार सुरू होण्याआधीचा. म्हणजे ऑपरेशनच्या आधीचा, आणि आधी केमो दिली असेल तर पहिल्या केमोच्याही आधीचा. या विषयावरचे जवळजवळ सगळे अभ्यास त्याच रिपोर्टवर बेतलेले आहेत. चौथ्या केमोनंतरचा आकडा त्या अभ्यासांशी ताडून बघणं म्हणजे पावसाळ्यातली विहिरीची पातळी उन्हाळ्यातल्या नोंदीशी ताडण्यासारखं आहे.

आजारपणाच्या आधीचा एखादा जुना सीबीसी कपाटात सापडला, मधुमेहाच्या तपासणीतला किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळचा, तर तो जरूर फाइलला लावा. ज्या बाईच्या प्लेटलेट्स वर्षानुवर्षं दोन लाखांच्या आसपास होत्या, त्या आता पावणेपाच लाख झाल्या असतील, तर हा फरक 'नॉर्मल रेंज'च्या रकान्यापेक्षा जास्त बोलका असतो.

पायरी २: पाच आकडे शोधा आणि ते भरवशाचे आहेत का बघा

लागतात ते आकडे असे: एकूण पांढऱ्या पेशी (रिपोर्टवर टीएलसी किंवा डब्ल्यूबीसी), त्यातले न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट आणि मोनोसाइट यांचे टक्के, आणि प्लेटलेट्स. हिमोग्लोबिनही टिपून ठेवा, पुढे लागेल.

आता लॅबच्या आतली एक गोष्ट. लहान गावांतल्या बऱ्याच लॅबमध्ये 'थ्री-पार्ट' मशीन असतं. ते पांढऱ्या पेशींचे तीनच ढीग करतं: लिम्फोसाइट, ग्रॅन्युलोसाइट आणि मधल्या आकाराच्या पेशी, ज्यांना रिपोर्टवर 'मिड' लिहिलेलं असतं. मिड म्हणजे मोनोसाइट नव्हेत, त्यात इतरही पेशी येतात. अशा रिपोर्टवरून मोनोसाइटचं गुणोत्तर काढू नका. 'फाइव्ह-पार्ट' मशीनवर केलेला किंवा पॅथॉलॉजिस्टने काचपट्टीवर पेशी मोजून दिलेला डिफरेन्शियल काउंट असेल, तरच तो हिशोब करा.

प्लेटलेट्सच्या बाबतीत शेवटची ओळ वाचा. तिथे 'प्लेटलेट क्लम्प्स' असं लिहिलं असेल, तर जांभळ्या टोपीच्या नळीत प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गुठळ्या झाल्या आहेत आणि मशीनने त्या कमी मोजल्या आहेत. तो आकडा धरायचा नाही. डॉक्टरांना विचारून नमुना पुन्हा द्यावा.

पायरी ३: हिशोब करा

समजा, रिपोर्टवर असं आहे: टीएलसी ९,२००, न्यूट्रोफिल ७४ टक्के, लिम्फोसाइट १७ टक्के, मोनोसाइट ६ टक्के, इओसिनोफिल २, बेसोफिल १. प्लेटलेट्स ४.८३ लाख. हिमोग्लोबिन ९.८. (हा कुणा एकीचा रिपोर्ट नाही, उदाहरणासाठी मांडलेला आहे.)

आधी टक्क्यांवरून प्रत्यक्ष संख्या काढा. ९,२०० चे ७४ टक्के म्हणजे ६,८०८ न्यूट्रोफिल. १७ टक्के म्हणजे १,५६४ लिम्फोसाइट. ६ टक्के म्हणजे ५५२ मोनोसाइट.

एनएलआर: न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट. ६,८०८ ÷ १,५६४ = ४.३५.

पीएलआर: प्लेटलेट्स भागिले लिम्फोसाइट. ४,८३,००० ÷ १,५६४ = सुमारे ३०९.

एलएमआर: लिम्फोसाइट भागिले मोनोसाइट. १,५६४ ÷ ५५२ = २.८३. हे एकच गुणोत्तर असं आहे की जे जास्त असलेलं चांगलं मानतात.

एसआयआय: प्लेटलेट्स गुणिले न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट. इथे एककाने भलेभले फसतात. प्लेटलेट्स हजारांत धरायच्या, म्हणजे ४.८३ लाख ऐवजी ४८३. ४८३ × ४.३५ = सुमारे २,१००. लाखांचा आकडा तसाच घातला तर उत्तर २१ लाख येतं, आणि संशोधनाच्या पेपरमधला आकडा हजाराच्या आसपास बघून घरच्यांचं काळीज हलतं.

एनएलआर आणि एलएमआर नुसत्या टक्क्यांवरूनही निघतात, ७४ ÷ १७ केलं तरी ४.३५ च येतात. तरीही प्रत्यक्ष संख्या काढायची सवय ठेवा. केमोनंतर टीएलसी २,००० वर आला, न्यूट्रोफिल ५० टक्के आणि लिम्फोसाइट ४० टक्के असले, तर एनएलआर येतो १.२५. कागदावर झकास. प्रत्यक्षात मात्र त्या बाईच्या अंगात न्यूट्रोफिल फक्त १,००० उरलेत आणि तिला जंतुसंसर्गापासून जपायला हवं.

पायरी ४: हे आकडे चढतात कशामुळे, ते समजून घ्या

ही पायरी गाळून पुढे जावंसं वाटेल, पण आकड्याची भीती कमी होते ती इथेच.

२०१२ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधले अनिल सूद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओव्हरीच्या कॅन्सरच्या ६१९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निदानाच्या वेळी त्यातल्या ३१ टक्के स्त्रियांच्या प्लेटलेट्स साडेचार लाखांच्या वर होत्या, आणि त्या गटात आजार जास्त पसरलेला आणि आयुष्य कमी असं आढळलं. त्यांनी कारणही शोधलं. गाठ इंटरल्यूकिन-६ नावाचं रसायन सोडते, ते यकृतापर्यंत पोहोचतं, यकृत थ्रॉम्बोपोएटिन जास्त बनवतं, आणि त्या हुकुमावरून अस्थिमज्जा प्लेटलेट्सचा कारखाना जोरात चालवते. इंटरल्यूकिन-६ ला अडवणारं औषध दिल्यावर उंदरांमध्येही आणि स्त्रियांमध्येही प्लेटलेट्स खाली आल्या. वाढलेल्या प्लेटलेट्स उलट गाठीलाच वाढायला मदत करतात, म्हणजे हे एक चक्र आहे.

न्यूट्रोफिलचं तसंच. ते जखमेवर धावून जाणारे शिपाई, आणि कॅन्सरची गाठ शरीराला कधीही न भरणाऱ्या जखमेसारखी वाटते. ओव्हरीचा कॅन्सर पोटातल्या चरबीच्या पडद्यावर, ओमेंटमवर, फार लवकर जाऊन बसतो. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे की तिथे आधी जमलेले न्यूट्रोफिल आपल्या डीएनएची जाळी टाकतात आणि भटक्या कॅन्सरपेशी त्या जाळीत अडकून रुजतात.

लिम्फोसाइट ही आपली बाजू. २००३ साली १८६ स्त्रियांच्या बळावलेल्या आजारातल्या गाठी तपासल्या गेल्या. ज्यांच्या गाठीत टी-लिम्फोसाइट शिरलेले होते त्यांच्यातल्या ३८ टक्के पाच वर्षांनी हयात होत्या. ज्यांच्या गाठीत ते नव्हते, त्यांच्यातल्या फक्त ४.५ टक्के. फरक डोळे विस्फारायला लावणारा आहे, पण हे लिम्फोसाइट गाठीच्या आतले, नसेतून काढलेल्या रक्तातले नव्हेत. रक्तातली संख्या म्हणजे त्या लढाईची लांबवर पडलेली सावली. एनएलआरची ताकद आणि मर्यादा या एका वाक्यात आहे.

पायरी ५: फसवे आकडे बाजूला काढा

हीच रसायनं आणि याच पेशी इतर शंभर कारणांनीही हलतात. आपल्याकडे तर फारच. खालची यादी फाइल समोर ठेवून एकेक करून तपासा.

स्टेरॉईड. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध देण्याआधी रिअॅक्शन येऊ नये म्हणून डेक्सामेथासोन देतात. काही तासांत न्यूट्रोफिल वर आणि लिम्फोसाइट खाली, म्हणजे एनएलआर दुप्पट-तिप्पटही दिसू शकतो. आजार मात्र होता तिथेच असतो.

काउंट वाढवायचं इंजेक्शन. त्याचं कामच न्यूट्रोफिल वाढवणं. त्या दिवसांतला एनएलआर काढूच नका.

ताप, लघवीचा संसर्ग, दाताचं गळू, ऑपरेशननंतरचे दिवस. सगळ्यांनी न्यूट्रोफिल वाढतात. ऑपरेशनमध्ये पसरलेला आजार काढताना प्लीहाही काढावी लागली असेल, तर प्लेटलेट्स बरेच दिवस चढ्या राहतात.

लोहाची कमतरता. हे कारण सगळ्यात जास्त निसटतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. लोह कमी पडलं की हिमोग्लोबिन उतरतं आणि प्लेटलेट्स आपोआप चढतात. म्हणजे अमेरिकेतल्या अभ्यासातल्या चार लाख ऐंशी हजार प्लेटलेट्स आणि आपल्याकडच्या वर्षानुवर्षं अंगावरून जास्त जाणाऱ्या बाईच्या चार लाख ऐंशी हजार यांचा अर्थ एकच असेल असं नाही. लोहाच्या तपासण्या सांगाव्यात का, हे डॉक्टरांना विचारा. मात्र नुसत्या फेरिटिनवर (शरीरातल्या लोहाच्या साठ्याच्या आकड्यावर) थांबू नये. कॅन्सरमध्ये सूज असल्याने फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही, म्हणजे लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलेलं आहे तेही, बघतात.

क्षयरोग. पोटाचा टीबी अगदी ओव्हरीच्या कॅन्सरसारखा सोंग आणतो: पोटात पाणी, वजन घटणं, सीए-१२५ वाढलेलं, आणि रक्तात मोनोसाइट वाढलेले. म्हणून ही गुणोत्तरं निदानासाठी कधीच वापरायची नाहीत. निदान बायॉप्सीनेच होतं.

डेंग्यू. पावसाळ्यात डेंग्यू होऊन गेला असेल तर उलटं चित्र: प्लेटलेट्स खाली, लिम्फोसाइट वर, आणि एनएलआर फसवा छान. प्लेटलेट्ससाठी पपईच्या पानांचा रस पाजायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. केमो चालू असताना डॉक्टरांना न सांगता तो देऊ नका. या आजारात पुष्कळदा प्रश्न प्लेटलेट्स जास्त असण्याचा असतो.

पायरी ६: पेपरमधलं वाक्य माणसांच्या भाषेत आणा

२०१४ साली वेगवेगळ्या अवयवांच्या कॅन्सरवरचे १०० अभ्यास, चाळीस हजारांहून जास्त रुग्ण, एकत्र करून एक मोठा आढावा निघाला. एनएलआर जास्त असलेल्यांचा हजार्ड रेशो, म्हणजे मृत्यूचा वेग दुसऱ्या गटाच्या किती पट ते सांगणारा आकडा, १.८१ आला. हे वाचून लोकांना वाटतं, आयुष्य निम्मं झालं. तसं नाही.

हिशोब असा समजा. कमी एनएलआर असलेल्या १०० जणींपैकी पाच वर्षांनी ५० हयात असतील, तर १.८ हजार्ड रेशोने जास्त एनएलआर असलेल्या १०० जणींपैकी सुमारे २९ हयात असतील. फरक खरा आहे, लहान नाही. पण आता उलटं बघा. 'वाईट' गटातल्या २९ जणी हयात आहेत, आणि 'चांगल्या' गटातल्या ५० जणी गेल्या आहेत. एनएलआर बघून तुमची आई कोणत्या बाजूला, हे सांगता येत नाही.

शिवाय एनएलआर जास्त असतो तो बहुधा आजार जास्त पसरलेला असतो म्हणून. स्टेज, वय, ऑपरेशननंतर उरलेली गाठ हे सगळं हिशोबात घेतलं की त्याचा स्वतःचा वाटा बराच घटतो. तो १.३ पर्यंत आला असं धरलं, तर वरचे २९ होतात सुमारे ४१. म्हणून पेपर वाचताना 'मल्टिव्हेरिएट' (बाकीच्या गोष्टी हिशोबात धरून काढलेला) लिहिलेला आकडा शोधा, 'युनिव्हेरिएट'वर (एकट्या एनएलआरवरून काढलेल्यावर) थांबू नका.

आणि ती सीमारेषा. कुठल्या अभ्यासात एनएलआर २.५ च्या वर वाईट, कुठे ३, कुठे ४, कुठे ५. अशी तफावत का? कारण पुष्कळ संशोधक आपल्याच रुग्णांचे आकडे चाळून, जिथे फरक सगळ्यात मोठा दिसेल तिथे रेघ मारतात. यात धोका आहे हे संख्याशास्त्रज्ञ डग्लस ऑल्टमन आणि सहकाऱ्यांनी १९९४ सालीच दाखवून दिलं होतं: अशी रेघ नवीन रुग्णांवर लावली की फरक विरतो. ३.९ म्हणजे वाचली आणि ४.१ म्हणजे गेली, असं शरीरात काही घडत नाही. या विषयावर एमडीचा प्रबंध करणाऱ्या मुलामुलींनाही माझं हेच सांगणं असतं: आकडा आकडाच ठेवा, त्याचे दोन तुकडे करू नका, आणि रक्त घेतलं त्या दिवशी स्टेरॉईड किंवा ताप होता का याचा रकाना तक्त्यात ठेवा.

पायरी ७: आधी वजनदार गोष्टी विचारा

ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये पुढचा अंदाज ज्या गोष्टींवर खरोखर टिकतो त्यांच्यापुढे एनएलआर हलका आहे. उपचार कोणते द्यायचे हे प्रमुख मार्गदर्शक तत्त्वांमध्ये त्यावरून ठरत नाही. डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा वेळ या प्रश्नांवर खर्च करा:

स्टेज कोणती, आणि पेशींचा प्रकार कोणता?

ऑपरेशननंतर डोळ्यांना दिसेल अशी गाठ उरली का? हा प्रश्न विचारायला लोक कचरतात, पण सर्जनच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

बीआरसीए (घराण्यात येऊ शकणारा जनुकातला बदल) आणि एचआरडी (गाठीच्या पेशींची डीएनए दुरुस्त करायची क्षमता बिघडली आहे का) तपासणी झाली का? २०१८ च्या सोलो-१ अभ्यासात बीआरसीएमध्ये बदल असलेल्या स्त्रियांना केमोनंतर ओलापरिब गोळी दिली, तेव्हा तीन वर्षांनी ६० टक्के जणींचा आजार परतला नव्हता. गोळी न मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण २७ टक्के होतं. ही तपासणी उपचार बदलते. मुली आणि बहिणींच्या तपासणीचा प्रश्नही याच रिपोर्टवर ठरतो.

सीए-१२५ किती वेगाने उतरतंय? केमोच्या पहिल्या १०० दिवसांतल्या किमान तीन आकड्यांवरून केलिम नावाचा वेग काढतात. आजार केमोला दाद देतोय का हे त्यावरून एनएलआरपेक्षा जास्त थेट कळतं.

पायरी ८: त्याच सीबीसीवरून रक्ताच्या गुठळीचा धोका मोजा

माझ्या मते सीबीसीचा या आजारातला सगळ्यात मोलाचा उपयोग हा आहे, आणि काउंटरवर आजवर मला याबद्दल कुणी विचारलेलं नाही. ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका बराच असतो. केमो सुरू करण्याआधी तो अजमावायला २००८ साली डॉ. आलोक खोराना यांच्या नावाचा स्कोअर आला. गुण असे: स्त्रीरोगाशी संबंधित कॅन्सर असेल तर १. प्लेटलेट्स साडेतीन लाख किंवा जास्त, १. हिमोग्लोबिन १० पेक्षा कमी, १. पांढऱ्या पेशी ११ हजारांहून जास्त, १. बीएमआय ३५ किंवा जास्त, १.

आपल्या उदाहरणातल्या बाईचा हिशोब करा. कॅन्सरचा १, प्लेटलेट्स ४.८३ लाख म्हणून १, हिमोग्लोबिन ९.८ म्हणून १. एकूण ३, म्हणजे जास्त धोका. ज्या कागदावरचा ४.३५ बघून घरात रडारड झाली, त्याच कागदावर ही टाळता येण्यासारखी गोष्ट लिहिलेली होती. स्कोअर २ किंवा जास्त असेल तर रक्त पातळ ठेवणारं औषध द्यावं का, हा विचार डॉक्टर करतात. रक्तस्रावाचा धोका आणि पुढचं ऑपरेशन बघून निर्णय त्यांनीच घ्यायचा. घरातली अॅस्पिरिन स्वतःहून सुरू करू नका. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर चार आठवड्यांपर्यंत पोटावर घ्यायची हेपॅरिनची इंजेक्शनं लिहून दिली असतील, तर "आता चालते-फिरते" म्हणून ती मध्येच थांबवू नका.

पायरी ९: वही ठेवा

शंभर पानी साधी वही पुरे. प्रत्येक सीबीसीला एक ओळ: तारीख, कितव्या केमोचा कितवा दिवस, ताप होता का, स्टेरॉईड किंवा काउंटचं इंजेक्शन कधी दिलं, टीएलसी, न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या, लिम्फोसाइट, प्लेटलेट्स, हिमोग्लोबिन, आणि असेल तेव्हा सीए-१२५. शक्यतो एकाच लॅबमध्ये रक्त द्या. तुलना करायची तर पुढच्या केमोच्या आदल्या दिवसाची मागच्या केमोच्या आदल्या दिवसाशी. केमोनंतर दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास न्यूट्रोफिल तळाला जातात, कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधामुळे प्लेटलेट्स त्यानंतरही उतरत राहू शकतात. ही घसरण औषधाची आहे, आजाराची नाही.

एनएलआरचा रकाना ठेवायचा की नाही हे तुमच्यावर. ज्या घरात त्या रकान्याने झोप उडते तिथे तो नसावा असं मला मनापासून वाटतं. रुग्णाला स्वतःला हा आकडा जाणून घ्यायचा आहे का, हे तिला विचारल्याशिवाय तिच्यासमोर त्याची चर्चा करू नका. फाइल तिची आहे.

पायरी १०: वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा

केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट न पाहता, पॅरासिटामॉल देऊन झोपवून न ठेवता, त्याच रात्री हॉस्पिटलमध्ये जायचं. गेल्या-गेल्या "केमो चालू आहे, ताप आहे" हे दोन शब्द आधी सांगायचे. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असतील तर अँटिबायोटिक सुरू व्हायला लागलेला एकेक तास महत्त्वाचा असतो.

एकच पाय सुजला, पोटरी दुखून कडक झाली, अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तरीही तेच. हिरड्यांतून, नाकातून रक्त, किंवा अंगावर बारीक लाल ठिपके दिसले तर त्याच दिवशी प्लेटलेट्स तपासायच्या. या पानावर ऑन्कॉलॉजी वॉर्डचा रात्रीचा नंबर, औषधांची नावं आणि शेवटच्या केमोची तारीख लिहा, आणि वही दाराजवळ ठेवा.